नाव झाकलेला कॅमेरा

महागड्या कॅमेऱ्यांचा विषय निघाला, की मला दम्यानं बेजार झालेला एक जर्मन कारागीर आठवतो. ऑस्कर बार्नाक हे त्याचं नाव. वेट्झलार शहरातल्या लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात तो काम करी. काचेच्या प्लेटा आणि अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणं त्याला झेपत नसे. म्हणून १९१४च्या सुमारास त्यानं सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून खिशात मावणारा कॅमेरा घडवला. १९२५मध्ये तो लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत लोकांसमोर आला. लाइट्झ आणि कॅमेरा मिळून नाव पडलं 'लायका'.

स्वस्त तो कधीच नव्हता. पण अनेक जण तो कामासाठी घेत. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी तर त्याच्या चकाकत्या भागांवर काळी पट्टी चिकटवली होती. हेतू एवढाच, की रस्त्यावर आपल्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये. १९४८मध्ये गांधीजींच्या अंत्ययात्रेची त्यांनी टिपलेली छायाचित्रं जगभर पोचली.

१९५९मध्ये 'निकॉन एफ' आला आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार हळूहळू जपानी कॅमेऱ्यांकडे वळले. डिजिटलच्या लाटेत, २००५च्या सुमारास, लायका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. ती तगली, पण गिऱ्हाईक बदललं. व्यावसायिकांच्या जोडीला श्रीमंत हौशी आणि संग्राहक आले. २०१२मध्ये 'एर्मेस'च्या चामड्यात मढवलेला लायका निघाला. त्याआधी २०११मध्ये 'एम-९ पी' आला होता. त्याच्या पुढच्या बाजूला ओळखीचा लाल ठिपका नव्हता, आणि किंमत मात्र साध्या 'एम-९'पेक्षा जास्त! पडद्याची काच अधिक भक्कम होती, हे खरं. तरी मला गंमत वाटते ती याची, की एकेकाळी पट्टी लावून साधलेलं अनामिकपण आता पैसे मोजून मिळू लागलं.

नुसत्या नावावर मात्र सगळं खपत नाही. चंद्रावर गेलेल्या 'हासेलब्लाड'नं २०१२मध्ये सोनीच्याच कॅमेऱ्याला लाकडी मूठ बसवून तो कैक पट किमतीला काढला. जाणकारांनी थट्टा केली. तो फार दिवस चालला नाही.

२०२२मध्ये बार्नाक यांचा स्वतःचा लायका लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. त्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. हातात धरून वापरण्यासाठी घडवलेली वस्तू अशी मोलाची झाली, की ती हातात घ्यायलाच भीती वाटावी. वस्तूचा मान वाढला खरा. पण तिचं काम सुटलं, याची मला रुखरुख वाटते.