गादीच्या पोटात

मराठी माणसाने गादीसाठी रक्त सांडले, तह केले, भाऊबंदकी केली. पण त्या गादीत कापूस कुठला होता, याची चौकशी केलेला बखरकार निदान माझ्या तरी वाचनात नाही.

१७०८ साली शाहू महाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. मग कोल्हापूरकरांशी बरीच झटापट होऊन १७३१ साली तह झाला, वारणा नदी सरहद्द ठरली आणि एका गादीच्या रीतसर दोन गाद्या झाल्या. आमचे पलूस वारणेच्या उत्तरेला, म्हणजे सातारच्या गादीकडचे. पुढे १८४८ साली डलहौसीने ती गादी खालसा केली. तेव्हापासून पलूसकराला गादी दुकानातूनच घ्यावी लागते!

आमच्या धंद्यातही गादीचा मान मोठा. मी बँकेत कारकून. पूर्वीच्या पेढीवर शेठजी गादीवर लोडाला टेकून बसत नि तिथेच हुंड्या वटत. पेढी बुडाली, की भरदिवसा दिवा लावायचा आणि बैठक उलटी करून ठेवायची, अशी रीत होती म्हणतात. 'दिवाळे' हा शब्द त्या दिव्यावरूनच आला असे सांगतात. आता गादी जाऊन खुर्ची आली. या खुर्चीने वीस वर्षांत बँकेचे नाही, पण माझ्या कमरेचे दिवाळे काढले. डॉक्टर म्हणाले, "गादी बदला."

घरात गादी होती ती आईची. १९७४ साली लग्नात माहेरहून आलेली, आजोबांच्या शेतातल्या कापसाची. ती ज्या लोखंडी खाटेवर असे, ती खाट किर्लोस्करवाडीची, असे घरात सांगत. खरे असेलही. १९१० साली वसलेली ही वाडी आमच्या शेजारीच. नांगर नि पंपांबरोबर तिथे एके काळी लोखंडी फर्निचरही होई. खाट सरकवताना आवाज मात्र नांगराचाच येतो.

माझ्या लहानपणी दर दोन-तीन वर्षांनी पिंजारीचाचा खांद्यावर कमान टाकून दारात येत. गादी उसवली जाई, कमानीची ताँत 'टँव् टँव्' वाजे आणि अंगणात आभाळ उतरे. आई सगळी कामे टाकून शेवटचा टाका पडेपर्यंत पायरीवर बसून राही. आधी कापूस तोलायचा, पिंजल्यावर पुन्हा तोलायचा. चाचा हसून म्हणत, "वहिनी, इमान हाय की!" आई म्हणे, "हाय म्हणून तर समोर बसलेय." चिमूट ओढून बघायची, धागा लांब निघाला तर कापूस, कटकन तुटला तर गिरणीचा कचरा. हे सगळे शिवण पडायच्या आत. एकदा शिवले, की राजाची गादी काय नि रंकाची काय, पोटात चिंध्या असल्या तरी वरून गुबगुबीतच!

आता दुकानात गादी येते तीच शिवून, वर प्लॅस्टिक चढवून. सौभाग्यवतींसह तालुक्याबाहेरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. (नाव सांगत नाही, कर्जदार असायचा.) दुकानदाराने आधी काथ्याची दाखवली, मग 'डनलप' दाखवले. १९२९ च्या सुमारास विलायतेत त्या कंपनीने रबराचा फेस घट्ट करून गादी केली. आपल्याकडे पुढे कुठल्याही फोमला डनलपच म्हणू लागले. शेवटी 'मेमरी'! १९६६ साली अमेरिकेत नासासाठी विमानातल्या आसनांकरिता निघालेला हा फोम.

"साहेब, ही तुमचा आकार लक्षात ठेवते."

"तो विसरायचा तर माझा प्रयत्न चाललाय!"

अखेर साध्या फोमवर आलो. सहा फूट बाय तीन फूट, जाडी चार इंच. वर छापलेले '३२ डेन्सिटी'. ३२ म्हणजे काय? एका घनमीटरला ३२ किलो. आम्ही कॉमर्सवाले, आकडा दिसला की हात शिवशिवतात. गादी भरली सहा घनफूट. घनमीटरला साधारण सव्वापस्तीस घनफूट. म्हणजे आतला फोम ५ किलो ४४० ग्रॅम भरायला हवा.

"काटा आहे का?"

दुकानदाराने माझ्याकडे आणि सौ.ने छताकडे पाहिले. शेजारी द्राक्षाच्या पेट्या तोलायचा काटा होता. खोळ काढून फोम चढवला. ३ किलो ९०० ग्रॅम! हिशेब केला, डेन्सिटी आली २३. फरक नऊचा. नऊने भाग जाणारा फरक दिसला, की आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची, हे आम्हाला बँकेत पहिल्याच वर्षी शिकवतात.

"छपाईची चूक असंल," दुकानदार म्हणाला. पण किंमत काही २३ ची लावेना.

रिकाम्या हाताने घरी आलो. आईने सगळे ऐकून घेतले. "आरं, मग माझी पिंजून आण की. तुलाच घे. मला काय, सतरंजीवर झोप लागती."

पिंजारीचाचांच्या मुलाकडे आता विजेचे यंत्र आहे. आई पंचाहत्तरीची, तरी रिक्षात बसून आली आणि यंत्रासमोर स्टुलावर ठाण मांडले. गादी उसवली. नऊ किलो कापूस आत गेला, धूळ-काडी जाऊन सातच बाहेर आला. दोन किलो नवा घालणे भाग होते. तिने नव्याची चिमूट ओढून पाहिली, धागा लांब निघाला. तरी तोंड वाकडेच. मग आजोबांच्या कापसावरून एकदा हात फिरवून त्या पोराला म्हणाली,

"बरं, घाल. पर पायाकडं घाल."