गोव्याची रानअळमी : ओळख, नोंदी आणि जपणूक

पावसाळ्यात रानात, बागायतीत आणि परसात उगवणाऱ्या छत्र्यांना गोव्यात अळमी म्हणतात. घाटावरच्या मराठीत त्यांनाच अळंबी किंवा भूछत्र म्हणतात, आणि खाण्याजोगी नसलेली छत्री दिसली की ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून लोक पुढे जातात. आपल्या मंडळातील आम्ही काही निवृत्त मंडळी पावसाळ्यात रान पाहायला जातो आणि दिसेल ते वहीत लिहून ठेवतो. त्या नोंदींना वाचनाची जोड देऊन हा लेख सभासदांसाठी तयार केला आहे. अळमी कोठे दिसतात, कशी ओळखावी, कोणती धोक्याची आणि रोयणीच्या अळम्यांविषयी आपण काय काळजी घ्यावी, अशी माहिती यात क्रमाने दिली आहे.

अळमे म्हणजे काय?

अळमे ही वनस्पती नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नसते, त्यामुळे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणे तिला जमत नाही. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी मांडली, तीत बुरशींना वनस्पतींपासून वेगळी जागा दिली. आपल्याला दिसणारी छत्री हे बुरशीचे फळ समजावे. मूळ बुरशी मातीत, पालापाचोळ्यात किंवा लाकडात पांढऱ्या बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपात वर्षभर असते. ओल आणि हवामान जुळले की ती छत्री वर पाठवते. छत्रीखाली उभ्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना कल्ले म्हणतात. कल्ल्यांवर बीजाणू तयार होतात आणि छत्री पूर्ण उमलली की ते वाऱ्यावर जातात. उमलणे आणि बीजाणू पसरणे यांचा हा संबंध लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

बुरशींची कामे तीन प्रकारची असतात. काही मेलेले लाकूड आणि पाचोळा कुजवून त्याची माती करतात. काही झाडांच्या मुळांशी भागीदारी करतात, म्हणजे झाडाला पाणी व क्षार पुरवतात आणि बदल्यात साखर घेतात. काही जिवंत झाडावर रोग म्हणून वाढतात.

किनारपट्टीवर काय दिसते?

किनाऱ्यावर बुरशी फारशी नसते असा समज आहे, तो बरोबर नाही. खारफुटीच्या वाळक्या खोडांवर ढालीच्या आकाराच्या, लाकडासारख्या कडक बुरशी दिसतात. अकेशिया आणि निलगिरीच्या लागवडीत, अगदी निकृष्ट जांभ्या जमिनीवरही, पिसोलिथस नावाची बटाट्यासारखी ओबडधोबड बुरशी उगवते. ती मुळांशी भागीदारी करणाऱ्यांपैकी असून फुटल्यावर तिच्यातून तपकिरी भुकटी उडते.

माड असलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट जरूर पाहावी. माडाच्या बुंध्याशी लालसर तपकिरी, वरून लाखेसारखी चकाकणारी ढाल आली असेल तर ती गॅनोडर्मा असण्याची शक्यता असते. ही बुरशी माडाची मुळे आणि बुंधा कुजवते. बुंध्यातून तांबूस चीक गळणे हे तिचे आधीचे लक्षण. असा माड दिसल्यास कृषी खात्याचा सल्ला लवकर घ्यावा, कारण रोग शेजारच्या माडांकडे सरकतो.

घाटातल्या रानात काय दिसते?

मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या बाजूंना आणि वर चोर्ला, आंबोलीकडे पाऊस जास्त आणि सावली दाट, त्यामुळे प्रकारही अधिक. रस्त्याकडेच्या ओंडक्यांवर आमच्या नोंदींत वारंवार आलेले काही प्रकार असे :

- पडलेल्या काटक्यांवर गुलाबी-लाल पेल्यांसारखी कुकाइना. पावसानंतर पेल्यात पाणी साठलेले असते.
- कुजत्या लाकडावर कानाच्या पाळीसारखी मऊ ऑरिक्युलॅरिया. उन्हात वाळून कडक होते आणि पाऊस पडताच पुन्हा मऊ होते.
- पिवळ्या देठाची, कागदासारख्या पातळ फनेलची मायक्रोपोरस. ही पावसाळा संपल्यावरही टिकते.
- पाचोळ्यावर केसासारख्या बारीक काळ्या देठाची, नखाएवढी मॅरास्मियस.
- जाळीदार घागरा नेसल्यासारखी फॅलस. हिला दुर्गंधी येते. त्या वासाने माश्या येतात आणि हिचे बीजाणू पायांना लावून नेतात.

रात्री चमकणाऱ्या बुरशीविषयी सभासद नेहमी विचारतात. सह्याद्रीत भर पावसाळ्यात मायसेना क्लोरोफॉस ही लहान छत्री कुजत्या काटक्यांवर उगवते आणि अंधारात हिरवट प्रकाश देते. बुरशीतील एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा प्रकाश निघतो, त्यात उष्णता नसते. काही वेळा छत्री नसतानाही लाकडातले तंतू चमकतात. भीमाशंकरच्या जंगलातील चमकती लाकडे प्रसिद्ध आहेत. तो प्रकाश दिसण्यासाठी विजेरी बंद करून डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते. लहान मुलांना याचा धीर नसतो, हा आमचा अनुभव!

रोयणीची अळमी

गोवेकरांच्या जिवाभावाची अळमी म्हणजे रोयणीची, म्हणजे वारुळावर किंवा त्याच्या आसपास उगवणारी. शास्त्रीय भाषेत ही टर्मिटोमायसिस या गटातली. हे नाव १९४२ साली रॉजे हेम या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. त्यांच्याच नावावरून ओळखली जाणारी टर्मिटोमायसिस हेमी ही जात १९७९ साली के. नटराजन यांनी दक्षिण भारतातून नोंदवली.

या अळम्यांची आणि वाळवीची भागीदारी फार जुनी आहे. वाळवीला लाकूड आणि सुका पाला स्वतःहून नीट पचवता येत नाही. कामकरी वाळव्या तो चावून रोयणीच्या पोटात स्पंजासारखी पोळी बांधतात आणि त्या पोळ्यांवर ही बुरशी वाढवतात. बुरशी लाकडातला कठीण भाग मऊ करते आणि वाळवी तिच्यासह ते पोळे खाते. वाळवीची ही एक प्रकारची शेतीच. माणसाने शेती सुरू करण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून ती चालू आहे. पावसाळ्यात याच पोळ्यांतून बुरशी लांब मुळासारखा देठ मातीतून वर पाठवते आणि जमिनीवर अळमी दिसतात. या अळम्यांच्या टोपीला मधोमध टणक टोक असते. माती फोडून वर येण्यासाठी ते उपयोगी पडते.

बटण अळंबी आणि धिंगरी यांची लागवड होते, तशी रोयणीच्या अळम्यांची व्यापारी लागवड आजवर कोणालाही जमलेली नाही. वाळवीशिवाय ती उगवत नाहीत. म्हणजे बाजारात येणारे प्रत्येक रोयणीचे अळमे रानातून किंवा बागायतीतून आलेले असते.

कळा आणि उमललेली छत्री

म्हापसा, डिचोली, फोंडा या बाजारांत आणि रस्त्याकडेला पानांत बांधलेली अळमी शेकड्याच्या हिशेबाने विकायला येतात. श्रावणात मासळी-मटण बंद असलेल्या घरांत तोंडाक किंवा शागोती करायला यांच्यासारखे दुसरे काही नाही, म्हणून भाव चढा असतो. काही घरांत अळमी मुळीच चालत नाहीत, तोही एक जुना रिवाज आहे.

गिऱ्हाईक कळे मागते. न उमललेला कळा टणक आणि चवीला चांगला, उमललेली छत्री लवकर मऊ पडते. त्यामुळे काढणारे पहाटेच रानात जाऊन कळे खुडतात. खरी अडचण येथे आहे. या गटातील बहुतेक जातींत वाळवीची राणी नवे घर मांडताना बुरशी बरोबर नेत नाही. नव्या घरातील पहिल्या कामकरी वाळव्या बाहेर पडतात आणि पाचोळ्यावर पडलेले बीजाणू चारा म्हणून घरी आणतात. त्यांतूनच पोळ्यावर बुरशी रुजते. ज्या टापूतली सगळी अळमी कळे असतानाच खुडली जातात, तेथे बीजाणू पडतच नाहीत. जुन्या रोयणी अळमी देत राहतात, म्हणून काही वर्षे फरक जाणवत नाही. नव्या रोयणींना मात्र बुरशी मिळणे अवघड होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर व्याज संपल्यावर मुद्दल उचलण्याचा हा प्रकार आहे, आणि पासबुकावर तो उशिरा दिसतो.

गोवा विद्यापीठातील डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळम्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि रानातील अळमी खुडू नयेत असे आवाहन वेळोवेळी केले. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यान यांतून परवानगीशिवाय वनोपज काढण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. गोव्यात सहा अभयारण्ये आणि एक राष्ट्रीय उद्यान असून पूर्वेकडचा बराचसा घाट त्यांत येतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावातल्या अनेक बायकांना पावसाळ्याच्या त्या काही आठवड्यांत अळम्यांतून हातात पैसा येतो. त्यांच्यावर बोट दाखवून आपण शहरात बसून कळ्यांची मागणी करत राहणे योग्य नाही. मागणी आपली असेल तर सवयही आपणच बदलायला हवी.

आपल्या परंपरेत रोयण अशीतशी फोडत नसत. गोव्यातल्या अनेक गावांत सातेरी देवीची पूजा रोयणीच्या रूपात होते आणि देवरायांतल्या रोयणींना कोणी हात लावत नाही. हेतू श्रद्धेचा होता, पण त्यामुळे बुरशीही सुरक्षित राहिली.

विषारी अळम्यांविषयी

रानातील अळमी फोटो पाहून किंवा मोबाईलवरील ॲपच्या भरवशावर खाऊ नयेत. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, किड्यांनी खाल्ले आहे का, या परीक्षा निरुपयोगी आहेत. शिजवल्याने किंवा वाळवल्याने सगळी विषे जात नाहीत.

परसात आणि हिरवळीवर मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले असलेली छत्री उगवते. ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. कोवळेपणी तिचे कल्ले पांढरे असतात आणि ती खाण्यासारखी वाटते. जून झाल्यावर कल्ले हिरवट होतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या व जुलाब होतात.

त्याहून घातक म्हणजे अमानिटा गटातील काही जाती. त्यांची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसतात. मग एखादा दिवस बरे वाटते आणि तोवर यकृत निकामी होत जाते. एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये रानटी अळंबी खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला. शंका आली तर उलटीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा थेट इस्पितळ गाठावे आणि उरलेले अळमे किंवा भाजी सोबत न्यावी.

हाताने स्पर्श केल्याने विष चढत नाही. मुलांना भीती घालू नये, पाहून झाल्यावर हात धुवायला लावावे.

नोंद कशी ठेवावी?

एका पानावर एकच अळमे घ्यावे आणि पुढील रकाने भरावे :

१. दिनांक, ठिकाण, आदल्या दोन दिवसांचा पाऊस.
२. कशावर उगवले : माती, पाचोळा, लाकूड, शेण की रोयण.
३. जवळची झाडे.
४. टोपीचा आकार, रंग, खवले, मधले टोक.
५. कल्ल्यांचा रंग. कल्ल्यांऐवजी बारीक छिद्रे असल्यास तसे लिहावे.
६. देठावर कडे आहे का, बुडाशी पिशवीसारखे आवरण आहे का. दोन्ही असल्यास विशेष सावध राहावे.
७. फोटो तीन : वरून, खालून आणि आसपासच्या जागेसह.

मुलांसाठी बीजाणूंचा ठसा हा चांगला प्रयोग आहे. परसातील एका उमललेल्या छत्रीचा देठ काढून टोपी, कल्ले खाली करून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी. वर वाडगा पालथा घालावा. सकाळी कागदावर बीजाणूंची नक्षी उमटते. रोयणीच्या अळम्यांचा ठसा फिकट गुलाबी येतो, क्लोरोफायलमचा हिरवट. ठशावरून खाण्यायोग्य की नाही हे मात्र ठरत नाही.

सभासदांना विनंती

बागायतीत रोयण असेल तर ती सपाट करू नये. घराला लागलेल्या वाळवीचा बंदोबस्त जरूर करावा, पण कुंपणाच्या टोकाच्या रोयणीत औषध ओतण्याचे कारण नसते. आपल्या जमिनीतली अळमी काढायचीच असतील तर निदान निम्मी उमलू द्यावी, देठ हलकेच मोडावा आणि रोयण खणू नये. बाजारात कळे मागू नयेत, आणि अभयारण्यातून आणलेली अळमी घेऊ नयेत. श्रावणात धिंगरीचे तोंडाकही चांगले होते, आमच्या घरच्यांनी ते आता मान्य केले आहे.

घरातील जुन्या माणसांना अळम्यांची वेगवेगळी नावे, उगवण्याच्या जागा आणि दिवस ठाऊक असतात. ती विचारून लिहून ठेवावीत आणि मंडळाच्या कार्यालयात द्यावीत. रोयणीची नेमकी जागा मात्र कागदावर लिहू नये, गावाचे नाव पुरे.