नारायणगावकर, विठाबाई भाऊ मांग

(जुलै १९३५ – १५ जानेवारी २००२). तमाशासम्राज्ञी, लावणीगायिका, नर्तकी व फडमालक. जन्म पंढरपूरचा, नाव मात्र नारायणगावचे. पश्चिमेला नाणेघाटाच्या माथ्यावरच्या घाटघरपासून पूर्वेला पुणे–नाशिक रस्त्यापलीकडे आणे पठारापर्यंत पसरलेल्या जुन्नर तालुक्यातले हे गाव तमाशाची पंढरी मानले जाते. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभारला. वडील भाऊ व चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजवला. ढोलकीची थाप आणि तुणतुण्याची एकच तार कानावर घेतच विठाबाई वाढल्या आणि लहान वयातच बोर्डावर (रंगमंचावर) उभ्या राहिल्या.

शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई नाचू लागेपर्यंत तमाशात स्त्रीची सोंगे नाच्या पोरेच करीत. पवळाबाईंनंतर बायका बोर्डावर आल्या, तरी फड बहुधा पुरुषांच्याच नावाने चालत. विठाबाईंनी स्वतःच्या नावाचा फड काढला आणि त्या नावात बापाचे नाव व जात दोन्ही उघडपणे ठेवली. खेळाची सुपारी ठरवणे, कलावंत सांभाळणे, रात्री गाणे-नाचणे आणि वगात भूमिका करणे, हे सारे एकाच बाईने पेलले. त्यांचे खरे मोठेपण इथे आहे.

त्यांच्याविषयी सर्वांत जास्त सांगितला जातो तो बाळंतपणाचा प्रसंग. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. हे कळल्यावर प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. ही कथा त्यांच्या धैर्याची म्हणून सांगतात. पण खेळ बुडाला तर फडाची चूल पेटत नाही, ही त्यामागची सक्तीही वाचकाने विसरू नये.

१९५७ व १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपती पदक मिळाले. तरीही अखेरचे दिवस हलाखीत गेले. योगीराज बागूल यांनी ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ हे त्यांचे चरित्र लिहिले आहे. कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःच्या नावाचा फड चालवला. महाराष्ट्र शासन तमाशा कलावंतांना विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. तो मंगलाताईंनाही मिळाला आहे.