सोंगाड्याचा आयता जबाब

झी मराठीवर २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘फू बाई फू’ने विनोदी नटांच्या जोड्यांची चुरस घरोघरी नेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो कार्यक्रम परतला आणि काही आठवड्यांतच गुंडाळला गेला. जोडीने विनोद रंगवण्याचा हा खेळ मात्र दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधीचा आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या जत्रांत, तमाशाच्या कनातीत तो पिढ्यान्‌पिढ्या रंगला. त्याचं नाव बतावणी.

गण झाला, गवळण झाली की सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर येत. सरदाराने विचारायचं, सोंगाड्याने शब्द पकडून अर्थ भलतीकडे न्यायचा. जबाब लिहिलेला नसे. पुढच्या वगाचंही तसंच: कथानक ठरलेलं, बोलणं उभ्या उभ्या जुळवायचं. पावसाने दिलेली ओढ, बाजारातला भाव, शेजारच्या गावाशी असलेली तेढ, जे हाताला लागेल ते सोंगाड्या ओढून घेई. निकाल तिथल्या तिथे लागे. शिट्टी आली तर जिंकला. लोक गप्प राहिले तर पुढच्याच वाक्यात सावरायचं.

स्वातंत्र्यानंतर तमाशाच्या संहिता सरकारी मंडळाकडून आधी तपासून घेण्याची अट आली. अश्लीलतेला आळा घालण्याचा हेतू असला, तरी आयत्या जबाबाच्या कलेला हा घाव खोल बसला. जे अजून सुचलेलंच नाही, ते कागदावर मंजुरीला पाठवायचं कसं?

तरी ही कला टिकली, आणि त्याचं मोठं श्रेय दादा कोंडके यांना द्यायला हवं. वसंत सबनीसांच्या १९६५ मधल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. संहिता पक्की होती, पण त्यात काम करणारे दादा ताज्या घडामोडी पेरत आणि कालचा प्रयोग आज तसाच राहत नसे. त्यांना पडद्यावर प्रथम आणलं कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनी, १९६९ च्या ‘तांबडी माती’त. १९७१ मध्ये दादांचा ‘सोंगाड्या’ हा चित्रपट आला. ज्याला रोज नवं बोलायचं, तो आता चित्रफितीवर कायमचा ठरून गेला.

वाहिन्यांवरच्या विनोदाचं दुखणंही हेच आहे. स्किट लिहून, घोकून बसवलेलं असतं, गुण परीक्षक देतात आणि पडलेला विनोद संकलनात कापला जातो. पडलेला विनोद सावरताना सोंगाड्याचा खरा कस लागतो, आणि नेमकं तेच प्रेक्षकाला दिसत नाही. जत्रेच्या हंगामात फड आजही गावोगाव फिरतात. एखाद्या वाहिनीने तिथली एक तरी बतावणी न कापता, समोरच्या लोकांसकट चित्रित करावी.