नजरेआड बसून राहण्याची कुळकथा

कोकणातला कुत्रा असतो राखणीसाठी. वालावल गावात कर्ली नदीच्या काठच्या माडा-पोफळीच्या बागांतून वांदर हाकायचे, रात्री रानडुकराची चाहूल लागली की भुंकायचं, परकं माणूस गडग्यापाशी आलं की घर जागं करायचं, ही त्याची कामं. ती त्याला कोणी शिकवत नाही. मोठ्या कुत्र्याबरोबर धावता धावता पिल्लू शिकतं. अशा गावात लॅब्रॅडॉर आणून त्याला पट्ट्याशिवाय शेजारी चालवणं, फेकलेली वस्तू आणवणं, ‘बस’ सांगून आपण घरामागे नाहीसं होणं वगैरे सुरू केलंत, तर “कुत्र्याक शाळेत घातलंस काय रे?” असं विचारणारं कोणीतरी भेटेलच. प्रश्न खवचट असला तरी रास्त आहे. ही शाळा आपल्याकडची नाही.

आपण कुत्र्याचं कौतुक केलं ते इमानासाठी. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. त्या गोष्टीत खंड्या कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाही. प्रगत प्रशिक्षणात नेमकं उलटं असतं: समोरून मांजर गेलं तरी कुत्र्याने हुकमाची वाट पाहायची. इमान आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इमानी कुत्रा आपोआप ताब्यात राहतो हा घरोघरचा गैरसमज आहे.

ताब्याची विद्या बराकीतून आली. जर्मनीत कॉनराड मोस्ट नावाचा पोलीस अधिकारी १९०६ पासून सारब्रुकन इथे पोलिसांचे कुत्रे तयार करत होता. त्याचं पुस्तक १९१० साली निघालं. कुत्र्याला शब्द समजत नाहीत, परिणाम समजतो, हे त्याने ओळखलं होतं; पण परिणाम म्हणजे बऱ्याच वेळा गळ्याला हिसका किंवा छडी. पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याचीच री ओढली गेली.

घरच्या कुत्र्यासाठी या विद्येचा खेळ केला एका बाईने, आणि तोही काहीशा चिडीतून. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर मोठ्या जातीचे पूडल पाळत. पूडल म्हणजे केस कातरून मिरवायचं बाहुलं, अशी लोकांची समजूत. ती खोडून काढायला त्यांनी ऑक्टोबर १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को इथे आज्ञापालनाची चाचणी भरवली. इंग्लंडमध्ये अशा कसोट्या आधीपासून होत्या, नमुना तिकडचा. स्पर्धेला कुत्रे आले आठ. तीन वर्षांत, १९३६ साली, अमेरिकन केनेल क्लबने या चाचण्यांचे नियम मान्य केले. १९३७ मध्ये वॉकरबाई आणि त्यांच्या सहकारी ब्लांच सॉन्डर्स मोटारीमागे ट्रेलर जोडून, पूडल बरोबर घेऊन, सुमारे दहा हजार मैल प्रात्यक्षिकं दाखवत फिरल्या.

पायऱ्या तेव्हापासून ठरत गेल्या. पहिलीत बसणं, थांबणं, हाकेला येणं. दुसरीत पट्टा पूर्ण सुटतो: धावत येणाऱ्या कुत्र्याने अर्ध्या वाटेत हुकूम मिळताच आडवं व्हायचं, अडथळ्यावरून उडी मारून लाकडी डंबेल आणायचं. तिसरीत एका कसोटीत शब्दही जातात, उरतात हाताच्या खुणा. आणि चामड्याच्या व धातूच्या सारख्याच दिसणाऱ्या वस्तूंतून मालकाच्या हाताचा वास असलेली एक हुडकून आणायची. दुसऱ्या पायरीवरची सगळ्यांत अवघड कसोटी दिसायला अगदीच साधी होती. कुत्रे रांगेत बसवून मालकांनी नजरेआड जायचं. बसून तीन मिनिटं, आडवं पडून पाच. काहीच न करणं हे कुत्र्याला सगळ्यांत जड जातं.

आपल्याकडेही ही विद्या गणवेशातच आली. मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ चं. लष्कराने मेरठला कुत्र्यांचं प्रशिक्षण १९६० मध्ये सुरू केलं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकणारा मुंबई पोलिसांचा लॅब्रॅडॉर ‘झंजीर’ पुण्याला शिवाजीनगरच्या सीआयडी केंद्रात शिकला होता. गंध ओळखणं हे त्याच्या नाकाचं वैभव खरं, पण त्याआधी बसणं-थांबणं पक्कं झाल्याशिवाय त्या नाकाचा उपयोग नाही.

छडी हातातून सुटली ती प्रयोगशाळेमुळे. बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४० च्या दशकात प्राणी शिकवण्याचा धंदाच काढला: योग्य कृती झाली त्या क्षणी आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ च्या पुस्तकातून हीच रीत घराघरांत पोचवली. माझं मत या घराण्याच्या बाजूने आहे. हिसक्याने कुत्रा बसतो, पण तुमची पाठ वळली की उठतो. नजरेआडच्या कसोटीत हिसका द्यायला तुम्ही तिथे नसताच.

म्हणून वालावलीत शिकवायचं तर उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे खिशात ठेवा. आधी वेळ वाढवा, मग अंतर, आणि सगळ्यांत शेवटी अडथळे: खळ्यातली कोंबडी, मासळीवालीची पाटी, वरून पडणारा नारळ. तिन्ही एकदम वाढवलंत तर फसेल. माडाआड दोन सेकंद जाऊन परत या. तो बसलेला असेल तर तुकडा त्याच्यापाशी जाऊन द्या, त्याला बोलावून नको, नाहीतर उठण्याचं बक्षीस मिळालं असं तो समजेल.

रांगेत नजरेआड बसवण्याची ती कसोटी अमेरिकन केनेल क्लबने २०१८ मध्ये दुसऱ्या पायरीतून काढून टाकली. मालक दूर असताना शेजारचा कुत्रा अंगावर आला तर काय, हा आक्षेप होता. तिकडे तो खेळ होता. इथे गडग्याबाहेर रस्ता आहे, आणि फाटकाचं बेडं उघडं राहिलं की कुत्रा एसटीखाली जातो. तेव्हा वालावलीकराने ही कसोटी सोडू नये. फक्त दिवेलागणीनंतर नको. बिबट्याला बसून राहिलेला कुत्रा सोपा पडतो.