देबोरा कोम्पान्योनीचा दुसरा दिवस

आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळ्याचा! त्यामुळे इकडे येईपर्यंत स्कीइंगशी माझा संबंध शून्य. पण देबोराची गोष्ट सांगायलाच हवी.

१९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये या इटालियन मुलीने सुपर-जी शर्यत तब्बल १.४१ सेकंदांनी जिंकली. जिथे निकाल शतांश सेकंदांवर लागतात, तिथे हे अंतर म्हणजे युगच. दुसऱ्याच दिवशी जायंट स्लालममध्ये ती पडली. डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. उजवा आधीच दुखावलेला. संपलं सगळं, असं कुणालाही वाटलं असतं.

पण १९९४ ला लिलहामर, १९९८ ला नागानो, दोन्हीकडे सुवर्ण! तेही ज्यात गुडघा गेला त्याच जायंट स्लालममध्ये. तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी ती पहिली अल्पाइन स्कीपटू. १९९९ मध्ये ती निवृत्त झाली.

प्रयोग फसला की मला तिचं सुवर्ण नाही, तो दुसरा दिवस आठवतो.