विनोदकुमार शुक्ल : लहान शहरातील साध्या माणसाचा कथाकार

रायपूर : कारकुनाचा सदरा, एका खोलीचा संसार, भाड्याचे घर आणि महिन्याचा तुटपुंजा पगार एवढ्याच साहित्यावर हिंदी कादंबरीला नवे वळण देणारे ज्येष्ठ साहित्यिक म्हणून विनोदकुमार शुक्ल यांचे नाव घेतले जाते. राजनांदगाव येथे १ जानेवारी १९३७ रोजी जन्मलेल्या शुक्ल यांचे २३ डिसेंबर २०२५ रोजी रायपूर येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत वयाच्या ८८ व्या वर्षी निधन झाले. भारतीय साहित्यातील सर्वोच्च मानला जाणारा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणारे ते छत्तीसगडचे पहिले लेखक होत. दिल्ली, मुंबईसारख्या साहित्यकेंद्रांपासून दूर राहून त्यांनी सहा दशकांहून अधिक काळ लेखन केले. त्या लेखनाची योग्य दखल देशाने आणि जगाने घेतली, ती मात्र बरीच उशिरा.

राजनांदगावचे दिवस

राजनांदगाव हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील शहर. नागपूरहून निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड ओलांडून येथे पोहोचते आणि पुढे दुर्गमार्गे रायपूरला जाते. शुक्ल यांच्या बालपणी हे एक लहान संस्थान होते आणि सूतगिरणीमुळे त्याची ओळख होती. बंगालमध्ये वाढलेल्या आईकडून त्यांना बंगाली साहित्याची गोडी लागली. पुढे जबलपूर येथे त्यांनी कृषिविषयक शिक्षण घेतले. साहित्याचे रीतसर अध्ययन न करता शेतीशास्त्राच्या वाटेने आलेला हा लेखक आयुष्यभर अध्यापनाच्या व्यवसायात राहिला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातून सहयोगी प्राध्यापक म्हणून ते निवृत्त झाले.

त्यांच्या वाङ्मयीन जडणघडणीत एका मराठी घराण्याचा वाटा आहे. हिंदीतील युगप्रवर्तक कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. मुक्तिबोधांची मातृभाषा मराठी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील मान्यवर कवी, कादंबरीकार व समीक्षक होते. तरुण शुक्ल यांनी आपल्या कविता गजानन मुक्तिबोधांना दाखवल्या. त्यांच्याच प्रोत्साहनाने श्रीकांत वर्मा यांच्या संपादनाशी निगडित असलेल्या ‘कृति’ या नियतकालिकातून शुक्ल यांच्या सुरुवातीच्या कविता वाचकांपुढे आल्या. मुक्तिबोधांचे १९६४ मध्ये निधन झाले. परंतु त्यांचा ऋणनिर्देश शुक्ल अखेरपर्यंत करीत राहिले.

या दोघांच्या शैलीत मात्र कमालीचे अंतर आहे. मुक्तिबोधांची कविता दीर्घ, अंधाऱ्या भुयारातून चालणारी आणि वैचारिक संघर्षाने तापलेली; तर शुक्ल यांची कविता हळू आवाजातील, घरगुती शब्दांची. वडीलधाऱ्या कवीचे अनुकरण न करता शिष्याने स्वतःची वाट धरली, हे या नात्याचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

कवितेकडून कादंबरीकडे

‘लगभग जय हिंद’ ही शुक्ल यांची पहिली काव्यपुस्तिका १९७१ मध्ये अशोक वाजपेयी यांनी संपादित केलेल्या ‘पहचान’ मालिकेतून प्रसिद्ध झाली. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, आलेल्या त्यांच्या कवितासंग्रहाचे लांबलचक शीर्षक ‘वह आदमी चला गया नया गरम कोट पहिनकर विचार की तरह’ असे होते. गद्य आणि पद्य यांतील सीमारेषा ते फारशी मानत नसत, याची चुणूक त्या शीर्षकातच दिसते.

दरम्यान १९७९ मध्ये ‘नौकर की कमीज’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रकाशित झाली होती. सरकारी कार्यालयातील संतूबाबू हा कनिष्ठ कारकून तिचा निवेदक आहे. साहेबांनी आदर्श नोकरासाठी एक सदरा शिवून ठेवला आहे. तो ज्याच्या अंगाला बरोबर बसेल, तोच खरा नोकर. हा सदरा एके दिवशी संतूबाबूंच्या अंगावर चढवला जातो आणि तो नेमका बेतशीर बसतो. इकडे घरमालक डॉक्टरांच्या घरातील कामे संतूबाबूंच्या पत्नीकडे येऊ लागतात. कोणी आरडाओरड करीत नाही, कोणी उघड जुलूमही करीत नाही. तरीही माणूस नकळत नोकराच्या मापात कसा बसवला जातो, हे ही कादंबरी विनोदाच्या अंगाने दाखवते. स्वातंत्र्यानंतर तीन दशके उलटली, तरी कार्यालयातील साहेबी वृत्ती तशीच राहिली होती. तिचे इतके नेमके चित्रण हिंदीत क्वचितच झाले असेल. या कादंबरीवर ज्येष्ठ दिग्दर्शक मणी कौल यांनी १९९९ मध्ये याच नावाचा चित्रपट केला.

भिंतीतील खिडकी

‘खिलेगा तो देखेंगे’ ही दुसरी कादंबरी १९९६ मध्ये आली. खेड्यातील एका शिक्षकाचे कुटुंब वापरात नसलेल्या पोलीस ठाण्याच्या इमारतीत राहायला जाते, हा तिचा एक धागा आहे. त्यानंतरच्या ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीने शुक्ल यांची कीर्ती सर्वदूर नेली. या कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

रघुवर प्रसाद हे लहान गावातील महाविद्यालयात गणित शिकवतात. पत्नी सोनसी हिच्यासह ते एका खोलीत राहतात. महाविद्यालयात जाण्यासाठी टेम्पोची वाट पाहणाऱ्या या प्राध्यापकाला एक साधू आपल्या हत्तीवर बसवून नेऊ लागतो. त्यांच्या खोलीला एक खिडकी आहे. ती ओलांडली की पलीकडे सारवलेली पायवाट, तळी, झाडे आणि चहा देणारी एक म्हातारी असे निराळेच जग लागते. हे नवपरिणीत जोडपे त्या जगात निवांत हिंडून पुन्हा आपल्या खोलीत परतते.

अशा रचनेमुळे काही समीक्षकांनी शुक्ल यांची गणना जादुई वास्तववादी लेखकांत केली. तथापि त्यांच्या कादंबरीतील अद्भुत हे वास्तवातून पळ काढण्यासाठी येत नाही. खिडकीपलीकडे गेलेल्या दांपत्याला राजवाडा किंवा धनदौलत मिळत नाही. त्यांना मिळतो तो मोकळा श्वास आणि एकमेकांसाठी थोडा वेळ. पगार तेवढाच राहतो, खोलीही तेवढीच राहते. अभाव आहे म्हणून आनंद नाही, हे समीकरण मात्र लेखक मान्य करीत नाही. गरिबीचे उदात्तीकरण आणि गरिबीची कीव या दोन्ही टोकांपासून दूर राहण्याची ही किमया त्यांना साध्या, तोकड्या वाक्यांतून साधली.

त्यांच्या इतर लेखनात ‘पेड़ पर कमरा’ व ‘महाविद्यालय’ हे कथासंग्रह, ‘सब कुछ होना बचा रहेगा’, ‘अतिरिक्त नहीं’ आणि ‘कभी के बाद अभी’ हे कवितासंग्रह विशेष उल्लेखनीय आहेत. उत्तरायुष्यात त्यांनी मुलांसाठी विपुल लेखन केले. ‘हरी घास की छप्पर वाली झोपड़ी और बौना पहाड़’ ही त्यांची किशोरांसाठीची कादंबरी प्रसिद्ध आहे.

भाषेच्या सीमेपलीकडे

सत्ती खन्ना यांनी शुक्ल यांच्या कादंबऱ्या इंग्रजीत नेल्या. अरविंद कृष्ण मेहरोत्रा व सारा राय यांनी अनुवादित केलेला कथांचा संग्रह २०१९ मध्ये प्रकाशित झाला. मेहरोत्रा यांनीच अरुण कोलटकर यांच्या समग्र इंग्रजी कवितांचे संपादन केले असल्याने मराठी वाचकांनाही त्यांचे नाव परिचित आहे. अमेरिकेतील पेन संस्थेचा आंतरराष्ट्रीय साहित्यातील कामगिरीसाठीचा ५० हजार डॉलरचा नाबोकोव्ह पुरस्कार २०२३ मध्ये शुक्ल यांना जाहीर झाला. त्यापूर्वी २०२१ मध्ये साहित्य अकादमीने त्यांना महत्तर सदस्यत्वाने गौरवले होते.

२०२४ या वर्षाचा ५९ वा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना २२ मार्च २०२५ रोजी जाहीर झाला. ११ लाख रुपये, वाग्देवीची कांस्य प्रतिमा आणि मानपत्र असे त्याचे स्वरूप आहे. हा सन्मान मिळवणारे ते हिंदीतील बारावे साहित्यिक ठरले. प्रकृती साथ देत नसल्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये रायपूर येथील निवासस्थानीच त्यांना तो प्रदान करण्यात आला.

लेखकाच्या कष्टाचे मोल

शुक्ल यांच्या अखेरच्या काही वर्षांत एका व्यावहारिक प्रश्नाकडेही वाचकांचे लक्ष वेधले गेले. सतत वाचल्या जाणाऱ्या आपल्या पुस्तकांवर अत्यल्प रॉयल्टी मिळत असल्याची खंत त्यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे व्यक्त केली. त्यावर हिंदी साहित्यविश्वात मोठी चर्चा झाली. लेखकाला हिशेब मागण्याचा हक्क आहे काय, करार कोणत्या भाषेत व कोणत्या अटींवर व्हावेत, आवृत्त्यांची माहिती त्याला कोणी द्यावी, असे प्रश्न त्यातून पुढे आले. हे प्रश्न केवळ हिंदीपुरते मर्यादित नसून मराठीसह सर्व भारतीय भाषांतील लेखकांना लागू पडतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये या चर्चेला वेगळे वळण लागले. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’च्या नव्या आवृत्तीच्या सहा महिन्यांतील विक्रीपोटी प्रकाशकाने रायपूर येथील कार्यक्रमात शुक्ल यांना ३० लाख रुपयांचा धनादेश दिला. गंभीर साहित्याला वाचक नाही, या सर्रास केल्या जाणाऱ्या तक्रारीला त्यातून उत्तर मिळाले. जवळजवळ तीन दशकांपूर्वीची, कोणताही थरार नसलेली कादंबरी तरुण वाचक विकत घेऊन वाचत होते. वाचक होता, पुस्तक त्याच्यापर्यंत पोहोचवणे आणि विक्रीचा चोख हिशेब लेखकाला देणे, एवढेच काम राहून गेले होते.

शुक्ल यांच्या पार्थिवावर रायपूर येथे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यांच्या कादंबऱ्यांतील कारकून, शिक्षक आणि भाडेकरू महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी सहज भेटतील असे आहेत. हिंदी वाचू शकणाऱ्या मराठी वाचकाने त्यांच्या साहित्याचा प्रारंभ ‘नौकर की कमीज’पासून करावा, मुलांसोबत वाचायचे असल्यास त्यांच्या बालकथा हाती घ्याव्यात.